कोऱ्या चुलीची कंपनी

मी आयुष्यात पुष्कळ काही फोडलं. सासूबाईंची लोणच्याची बरणी, यांच्या चष्म्याची काच, एका जावेनं पोटात दडवून ठेवलेली बातमी. बरणी नवी आली, चष्मा नवा आला आणि जाऊ आता देवाघरी आहे. पण एका कलत्या दुपारी घाईघाईनं मी एक गरम चूल फोडली, ती अजून माझ्या मागं आहे. झोपडी आमची, माती आमची, सब्बल, म्हणजे पहार, तीही आमची. कोणी पोलिसात जावं असं त्यात काही नव्हतं. पण तसला मूर्खपणा करायला आमच्याच भागातली, आमच्याच घरातली, मॅट्रिक झालेली शहाणी बाई लागते. ती मी होते.

आज कंपनीचं नागपुरात ऑफिस आहे. नातवंडं तिथं काचेमागं बसतात. ही सगळी कंपनी चुलीतून निघाली असं मी सांगितलं की ती एकमेकांकडे पाहतात. आजीचं सुरू झालं, म्हणतात. होऊ दे सुरू.

सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल. साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढं, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची आमराई होती. नवेगावच्या जंगलाकडं निघालेल्या एका नागपूरकर कुटुंबाची जीप तिथं बंद पडली. सोबत सोवळ्यातली म्हातारी. आम्ही जेवायला चला म्हटलं तर ती हातच जोडून बसली. "चूल द्या, लाकडं द्या, एक गंज द्या. बाकी आमचं आम्ही पाहू." आंब्याखाली त्यांनी खिचडी शिजवली. जीप दुरुस्त झाली तरी ती माणसं निघेनात. दुसऱ्या दिवशी पानगे भाजले, वांगी केली, तलावात पाय सोडून बसली. जाताना म्हणाली, अशी जागा कुठंच नाही हो.

यांच्या डोक्यात तिथंच किडा शिरला. "पाह्य," मला म्हणाले, "हॉटेलात गेला का माणूस मनातल्या मनात इचारते, रांधलं कोणी? तोंडानं इचारता येत नाही. इथं इचाराचंच काम नाही. ज्यानं त्यानं आपलं रांधावं, खावं, झोपावं अन जावं. भाजीत मीठ जास्त पडलं त त्याच्या बायकोचं नाव, आपलं नाही."

कुडाच्या तीन झोपड्या उभ्या राहिल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. पारीवर पाटी लागली: 'या. रांधा. राहा.' हे काव्य माझं. माझं माहेर आंधळगावचं, दुकानदारांचं. गावात मॅट्रिक झालेली सून मी एकटी, आणि ते कोणी विसरू नये याची मी फार काळजी घ्यायची. धानाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, गॉगल लावून उभी राहायची. पाहुण्यांशी बोलताना घरची बोली सोडून छापील बोलायची. म्हशीसुद्धा माझ्याकडं पाहून चरायचं थांबवत, आणि मला वाटे, दबकल्या.

पहिल्याच हंगामात एका पाहुणीनं चुलीपुढं बसून नाक उडवलं. "इथं आधी मटण शिजलं का हो?"

शिजलं होतं. कालच शिजलं होतं.

"छे!" मी म्हणाले. "ही चूल कोरी आहे. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला कोरी चूल असते."

थाप तोंडातून गेली, आता तिला खरं करणं आलं. त्यातून आमच्या धंद्याचा नियम जन्मला. दर मुक्कामाला नवी चूल. पाहुणा गेला की ती फोडायची, जमीन शेणानं सारवायची, नवी मांडायची. नागपुरात हीच गोष्ट तोंडोतोंडी झाली. तलाव सगळीकडं असतात, कोरी चूल आमच्याकडंच होती.

एवढ्या चुली घालणार कोण? गावाच्या कडेच्या वस्तीतली एक बाई यायला लागली. छप्पन सालात तिच्या घरच्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा ती नवी नवरी होती. नवरा लवकर गेला, एक मुलगी मागं. पावसाळ्यात ती लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी, म्हणजे लावणी करायची, उरलेल्या दिवसांत आमच्या चुली. तलावाची गाळाची माती, चिरलेलं धानाचं तणस, शेण. हातानं थापून, गोट्यानं घासून अशी चूल करायची की हात फिरवावासा वाटे. आंब्याखाली सावलीत चुलींची रांग वाळत ठेवलेली असायची, खुडूक कोंबड्या बसाव्यात तशी.

मी तिला मावशी म्हणायची. त्या काळात आमच्या घरातल्या सुनेनं असं म्हणणं म्हणजे मला फार मोठी सुधारणा वाटायची. मावशी म्हणायची आणि पाणी द्यायचं झालं की तिच्या ओंजळीत वरून ओतायची. एकाच बाईला एकाच सकाळी ही दोन्ही कामं कशी जमत होती, हे त्या गॉगलवालीलाच विचारायला हवं. मला विचाराल तर मान खाली जाते.

आमचं एक गुपित होतं. फोडलेल्या चुलीची ढेकळं खड्ड्यात जात, भिजत आणि त्यांचीच नवी चूल होई. म्हणजे कोरी कसली, तीच माती फिरून फिरून पाहुण्यांपुढं. मावशीला याचं भारी हसू यायचं.

"बाई, या मातीनं त्या सोवळ्या म्हातारीची खिचडी बी खाल्ली अन फॉरेस्टच्या साहेबाचा कोंबडा बी खाल्ला. पाप लागन त मातीले लागन, नाई का?"

आणखी एक गोष्ट तिनंच घालून दिली होती. सुरवातीला एकदा पाहुणे गाडीत सामान बांधत होते आणि मी सब्बल उचलली. तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली. "थांबा वो. जेवलेल्या माणसाच्या डोळ्यापुढं त्याची चूल फोडते का कोणी? गाडी त्या मोहाच्या वळणापल्याड जाऊ द्या." पारीच्या टोकाला मोहाचं झाड होतं, तिथं रस्ता वळून दिसेनासा होई. तेव्हापासून आम्ही मोहापर्यंत थांबायचो. ती झाडाकडं पाहत उभी राहायची आणि गाडी दिसेनाशी झाली की मला मान हलवून सांगायची.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात धंद्याला बाळसं आलं. झोपड्यांची दुसरी रांग झाली. तुमसरकडच्या खाणीवरच्या साहेबलोकांना आंबागडच्या पायथ्याशी अशीच जागा हवी होती. ते आधी येऊन आमची जागा पाहणार, राहणार आणि मग ठरवणार. दुसरी जागा झाली की कंपनी काढायची, असं यांचं स्वप्न. मी तर पाटी मनात रंगवूनही ठेवली होती.

त्याच दिवसांत चुलीला हात देता देता मावशी म्हणाली, "बाई, एक काम होतं."

"बोल ना, मावशी."

"पोरीले पाहाले येऊन राहिले. नागपूरचे हायेत. पोरगा रेल्वेत हाये, कॉटर हाये त्याले. पक्कं."

तिची मुलगी मॅट्रिक झाली होती. म्हणजे गावात आता मी एकटी राहिले नव्हते. खरं सांगते, हे मला थोडं टोचलंच होतं.

"माझं घर त तुमी पाह्यलं. वादळात अर्धे कवेलू गेले. एवढे लोक बसवू कुठं? एक दिवस एक झोपडी द्या. फुकट नको. भाडं घ्याल त येतो, नाई त नाई."

"अगं, तुझ्याकडून भाडं?"

"घ्या. पाहुणे म्हणून येऊन राहिले ते. कामावरच्या बाईचे म्हणून नाई." मग गोटा फिरवत हळूच म्हणाली, "मले दुसरं काई नको, बाई. माह्या पोरीनं चिखलात हात घालू नये. एवढंच."

मी हो म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा एवढा अभिमान वाटत होता की पारीवर पाय घसरला.

यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "त्याच दिवशी सांजच्याले साहेबलोक येऊन राहिले! त्यायले कळलं त?"

"कळणार कसं? हे दुपारी जातील, ते संध्याकाळी येतील."

"तू जाण मग."

मी जाणतच होते. मॅट्रिक ना.

पाहुणे बैलबंडीनं आले. मुलगा, त्याचे वडील, आई, दोन नातेवाईक. वडील स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, खिशाला पेन. आई धिप्पाड, शांत चेहऱ्याची, हातात काळी छत्री. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. त्या दिवशीची चूल तिनं स्वतः निवडून मांडली होती, तिच्या कडेला तांदळाच्या पिठाची बोटं ओढली होती. चिन्नोरचा भात, पाटवडीचा रस्सा, वांगी, पोळ्या. मुलाची आई पाहुणीसारखी बसली नाही. पदर खोचून चुलीपुढं आली आणि म्हणाली, "सरका वो, मी लाटतो." दोघी विहिणी व्हायच्या आधीच एका चुलीपुढं बसल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी आंब्याखाली उभी राहून ऐकत होते. आमच्या झोपड्यांत एवढं हसू मी क्वचितच ऐकलं.

मुलगी एका ताटलीत पाटवडी घेऊन माझ्याकडे आली. "मायनं देल्ली तुमच्यासाठी."

"अगं, आज माझा उपास आहे," मी म्हणाले.

कसलाच उपास नव्हता. वारही साधा होता. ती मॅट्रिक झालेली मुलगी, वार तिलाही कळत होते. "बरं," म्हणाली, किंचित हसली, आणि ताटली पदराखाली झाकून परत गेली.

पसंती झाली. साखर वाटली. पण बोलणी लांबली, जेवणं लांबली आणि बंडी जुंपेपर्यंत उन्हं कलायला लागली. मावशी लोटा घेऊन बंडीजवळ उभी होती, मुलाच्या वडिलांना हात धुवायला पाणी देत होती. तेवढ्यात पारीच्या दुसऱ्या टोकाला मला धूळ दिसली. जीपची धूळ. साहेबलोक लवकर आले होते.

त्यानंतर त्या बाईनं काय केलं ते सांगते. ती बाई म्हणजे मी, पण तिला मी म्हणायला जीभ वळत नाही. तिनं नऊवारीचा काचा खोचला, झोपडीत धावली आणि सब्बल उचलून चुलीवर घातली. चूल गरम होती. पिठाची बोटं अजून तशीच होती. पहिल्या घावात बाजूच्या वैलाकडचा काठ तुटला, दुसऱ्यात तोंड. आतली तापलेली राख उडून तिच्या पायावर पडली. शेणाच्या पाण्याचा गंज उचलून तिनं सगळ्यावर ओतला. चर्र झालं आणि वाफेचा लोट वर आला. शेण, राख, पाटवडीचा वास, सगळं एकत्र.

दारात सावली पडली. मुलाची आई उभी होती.

"छत्री राह्यली होती," ती म्हणाली.

"घ्या ना, घ्या." माझ्या एका हातात सब्बल, दुसऱ्यात गंज.

तिनं दाराआडची छत्री घेतली. जमिनीकडं पाहिलं. शेणाचं पाणी तिच्या चपलेपर्यंत वाहत आलं होतं. ती अर्धं पाऊल मागं सरली.

"जाळ आमी विझवूनच उठलो होतो, बाई," ती म्हणाली. "पाणी कायले मारता?"

"तसं नाही हो! आमचा नियमच आहे. प्रत्येक पाहुण्यानंतर आम्ही..." माझं छापील वाक्य अर्ध्यावर होतं तेव्हा ती वळून गेलीसुद्धा.

तिच्यामागं, बंडीजवळ, मावशी उभी होती. दार उघडं होतं. तिला सगळं दिसत होतं. हातातला लोटा तिनं अलगद जमिनीवर ठेवला. बंडी निघाली. या वेळी मोहाच्या वळणाकडं ती पाहत राहिली नाही, मीही नाही.

साहेबलोक आले. त्या झोपडीची जमीन ओली होती, म्हणून मी त्यांना शेजारच्या झोपडीत नेलं. तिथं सकाळपासून कोरी चूल मांडून तयार होती. मीच मांडून घेतली होती. त्याच्या पलीकडची झोपडीही रिकामी होती, तिथंही चूल होती. हे मला धूळ दिसली तेव्हा माहीत होतं. कोणीही मला त्या घाईत घातलं नव्हतं. साहेबांनी कोंबडी शिजवली, तलावावर गाणी म्हटली आणि सकाळी आंबागडला होकार देऊन गेले.

मावशी दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग मुलगी आली. फडक्यात गुंडाळलेला चूल घासायचा गोटा तिनं ओट्यावर ठेवला.

"हा तुमचा होता. माय आता येत नाई."

"अगं, पण लग्नाचं काय झालं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझं तोंड.

"त्यायनं निरोप पाठवला. पोरगी चांगली हाये म्हणे. पण आपलीच चूल फोडवून घ्यायले जिनं आपल्यालेच तिथं नेलं, तिच्या घरी सोयरीक नाई." ती एक एक शब्द पाठ केल्यासारखी बोलली. "माय म्हणाली, बरोबर बोलले ते. मीच नेलं."

त्या पावसाळ्यात मी पारीवरून जाताना बांधीत रोवणीची रांग वाकलेली होती. टोकाला मावशी आणि तिच्या शेजारी मुलगी, कोपरापर्यंत चिखलात. मी गॉगल काढला. तिनं वर पाहिलं नाही.

पुढं मुलीला चांद्याकडं कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या एका बिजवराला दिलं. घाईत दिलं, असं लोक म्हणाले.

आणि कंपनी? कंपनी वाढली. माझ्या हातची पहिली चूल डाळीच्या गंजासकट बसली, पाहुण्यांच्या मुलीचा पाय भाजता भाजता वाचला. वस्तीतलं दुसरं कोणी यायला तयार झालं नाही. मग यांनी सिमेंटचे ओटे घातले आणि घासलेटचे स्टोव्ह आणले. आंबागडची जागा झाली, मग नवेगावच्या बाजूला एक झाली, नागपुरात खोली घेऊन ऑफिस थाटलं. नंतर गॅस आला. स्टोव्हवर आधी कोणी काय शिजवलं, हे एकाही पाहुण्यानं कधी विचारलं नाही. एकानंही नाही. मी वर्षानुवर्षं वाट पाहत होते. कोणी विचारलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा यांच्या भागीदाराला कल्पना सुचली. नव्या जागेच्या दारात शोभेची एक मातीची चूल हवी. आपली जुनी ओळख, म्हणाला. पाहुणे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतील. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मावशीला सांगायला मी जावं, असं ठरलं. आणि मी गेले! एवढ्या वर्षांनीसुद्धा अक्कल आली नव्हती, हे लक्षात घ्या.

तिच्या घरात मी पहिल्यांदाच शिरले. कवेलू आता धड होते. ती दारात बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आवाजावरून तिनं मला ओळखलं. आत मुलगी परतून आलेली होती, नवरा खाणीत गेला होता, म्हणजे कायमचा. ती धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बांधत होती, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बांधीत रोवणी होती. तिनं न विचारता पाण्याचा लोटा आणून माझ्यापुढं ठेवला आणि मी तो तोंडाला लावून प्यायले. घटाघटा, तिला दिसावं म्हणून. तिनं माझ्याकडं न पाहता पेंढी बांधली.

शोभेच्या चुलीचं मी बोललेच नाही. तेवढी लाज उरली होती. छापील मराठीही कुठं गेली कोण जाणे.

"मावशी," मी म्हणाले, "मी सगळ्यायच्याच चुली फोडत होतो. तुले त माहीतच हाये. तुह्या पाहुण्यायची म्हणून नाई फोडली वो."

तिनं हातानं उंबरठ्यावरची माती सारखी केली. मग म्हणाली:

"चूल त मीच घातली होती, बाई. बंडी मोहाच्या पल्याड जाऊ देल्ली असती, त मीच फोडली असती."